हमीदचाचांच्या भिंतीवरचा आकडा

दाभोळवाल्यांनो, आज दुपारचं सांगतो. हसायचं तर नंतर हसा.

कसोटीतला धावांचा विक्रम मोडायला आपल्या फलंदाजाला अजून किती हव्यात, तो आकडा माझे हमीदचाचा मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहायचे. तो आउट झाला की जुना पुसून नवा. दोन महिन्यांपूर्वी चाचा वारले. तेव्हापासून खोलीला कुलूप, चावी माझ्याकडे.

आज चहापानाला तो एक्केचाळीसवर नाबाद होता. मी जाळं काढायला खोली उघडली, तर भिंतीवर चाचांच्याच अक्षरात नवा आकडा. वजाबाकी केली. आजच्या सत्तावन्न धावा धरलेल्या.

तासाभराने तो सत्तावन्नवर आउट झाला.

चाचींना सांगितलं. कोळंबी सोलता सोलता म्हणाल्या, "खडू संपत आला असेल रे त्यांचा. नवा ठेवून ये."

खडू आणलाय. कुलूप उघडायला सोबत कोण येतंय?