टीव्हीकडे पाठ

टीव्हीची पारख असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण टीव्हीकडे पाठ करून टीव्ही निवडणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे कासार आंबोलीचे आमचे घरमालक. मी परभणीहून नोकरीसाठी इकडे पुण्याजवळ आलो, उरवड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटलो आणि त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाडं ते न चुकता घेत, पण मला भाडेकरू कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे 'पाव्हणं'. आता पाहुणा म्हटल्यावर तक्रारीचा हक्कच राहत नाही. पावसाळ्यात छत गळायला लागलं आणि मी कुरकुरलो, तर म्हणाले, "पाव्हण्यानं घराला नावं ठिवू न्हाई. पातेलं हाय का, का आमचं देऊ?" आणि खरोखरच स्वतःच्या हातानं आणून एक पातेलं गळतीखाली ठेवून गेले. ते पातेलं मी खोली सोडेपर्यंत तिथेच होतं.

घरात शेळ्यामेंढ्यांचा पिढीजात पसारा. त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायची त्यांची रीत ही बाजारात शेळी घ्यायची रीत होती, आणि तीही चारचौघांसारखी नाही. बाकीचे लोक शेळीचे दात बघतात, कास बघतात. मालक शेळीकडे ढुंकूनही बघत नसत. ते तिच्या शेजारच्या शेळ्या बघत. "ही बसली की बाकीच्या तिच्या भवतीनं बसत्यात का, ते बघायचं. बसत्यात? मग घ्यायची. दात बघून काय करायचं, मला काय तिला घास भरवायचाय?" छत्री घेतली तर ती दुकानातल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर धरून त्याला विचारत, "कसं वाटतंय?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मोठ्या कौतुकानं मुलीचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा करून खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "हिच्या धाकट्या भावंडांचा फोटू हाय का? ती हसत्यात का ते बघू." मी फोटो मागवला. भावंडं हसत होती. लग्न झालं. मालकांचा अंदाज बरोबर निघाला, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो, कारण हा मजकूर बायको वाचणार आहे.

तर टीव्ही. वाडीतला पहिला टीव्ही मालकांनी आणला होता, लाकडी दरवाजांचा, काळापांढरा. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण ती कथा मला इतक्या जणांनी सांगितली आहे की मी त्या अंगणात बसलो होतो असंच आता वाटतं. रविवारी संध्याकाळी टीव्ही ओट्यावर यायचा आणि अंगणात, पार दारच्या चिंचेखालपर्यंत, सगळी वाडी बसायची. पण मध्ये डोंगर असल्यामुळे चित्र धड यायचं नाही, सगळं मुंग्यामुंग्या. मालक एकदा टीव्हीच्या माथ्यावरची अँटेना सारखी करायला गेले, दांडीला हात लावला आणि चित्र आरशासारखं स्वच्छ झालं. हात काढला की पुन्हा मुंग्या. दुसऱ्या कुणी हात लावून उपयोग नव्हता. मालकीणबाईंनी लावून पाहिला, पोलीसपाटलांनी लावून पाहिला. मालकांच्या अंगातच काहीतरी आहे यावर वाडीचं एकमत झालं. तेव्हापासून दर रविवारी मालक टीव्हीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून, दांडीवर हात ठेवून उभे. "आलं का?" ते विचारायचे. "आलं, आलं," अंगण ओरडायचं. मग सिनेमा संपेपर्यंत ते हलत नसत.

त्यामुळे झालं काय, की मालकांनी सगळे सिनेमे पाहिले, पण लोकांच्या तोंडावर. नायक कोण, खलनायक कोण, त्यांना पत्ता नाही. सिनेमांची नावंही ठाऊक नाहीत. मी एखाद्या जुन्या सिनेमाची गोष्ट काढली की ते थोडा वेळ विचार करत आणि म्हणत, "हां, ज्याला सुतारानं धोतराच्या सोग्यानं डोळं पुसलं त्यो." किंवा "त्यो न्हाई का, ज्याला समोरची म्हातारी वकिलाला शिव्या देत उठून गेली." ही समोरची म्हातारी बातम्या देणाऱ्या बाईला दर रविवारी "जेवलीस का गं" म्हणून विचारायची. मालकांना तिचं फार अप्रूप. सिनेमा चांगला की वाईट हे ते म्हातारीवरून ठरवत.

पुढे घरोघर रंगीत टीव्ही आले, डोक्यावर डिशच्या छत्र्या आल्या, आणि अंगण रिकामं झालं. मी राहायला गेलो तेव्हा संध्याकाळी सात वाजता प्रत्येक घरातून वेगळी सासू ओरडत असे आणि मालक एकटेच ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असत. अशात त्यांचा एक खडकाळ उतार पुण्याच्या कुणी बंगल्यासाठी घेतला आणि हातात पैसे आले. जमीन विकली की जीप घ्यायची, अशी तेव्हा आमच्या रस्त्यावर पद्धतच पडली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "ह्यास्नी सांगा वो, जीप घ्या म्हनावं. न्हाईतर छपार तरी नीट करा." मालक म्हणाले, "पाव्हणं, मला त्यो भितीला टांगायचा टीव्ही घ्यायचाय. मोटा. तुमी चला, तुमास्नी विंग्रजी येतंय."

कोथरूडच्या त्या शोरूममध्ये आम्ही शिरलो तेव्हा भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला. "काका, एलसीडी बघताय की प्लाझ्मा? याचा कॉन्ट्रास्ट रेशो बघा ना, एकदम क्रिस्प पिक्चर आहे." मालकांनी मान डोलावली, टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, टीव्हीकडे पाठ केली आणि मिक्सर बघत असलेल्या एका कुटुंबाकडे टक लावून बघू लागले. "काका, टीव्ही इकडे आहे," विक्रेता म्हणाला. "म्हाईत हाय," मालक म्हणाले. "तुमी तुमचं चालू द्या." मग त्या कुटुंबाला म्हणाले, "बसा की जरा खाली. उभ्यानं कुटं टीव्ही बघत्यात व्हय?" पुण्यातली माणसं, पण आवाजात असा काही अधिकार होता की ती बसली. आजोबा, सून, नातवंडं, सगळी गालिच्यावर मांडी घालून. फ्रिजवाले दोघं आले, तेही बसले. एकाला मालकांनी पार वॉशिंग मशिनच्या कडेला सरकवलं, कारण आमच्या अंगणात सुतार कडेलाच बसायचा. मला लांब दारापाशी बसवलं. मी चिंचेखालची जागा होतो.

मासे मात्र पसंत पडले नाहीत. "माशाकडं बघून कोन रडतंय व्हय? काईतरी जिवाला लागंल असं लावा." विक्रेत्यानं हताश होऊन एक मालिका लावली. एका पडद्यावर कडेच्या माणसाला सगळं फिकट दिसत होतं, त्यामुळे सगळे हसले तरी तो गप्पच. मालकांनी तो टीव्ही बाद केला. दुसऱ्यावर नातवंडं चुळबुळ करू लागली, तोही बाद. असं करत करत एका भल्यामोठ्या प्लाझ्मापाशी आलो. मालिकेत मुलगी माहेर सोडून निघाली होती. सून नाकाला पदर लावून बसली, आजोबांनी चष्मा काढला, आणि दारातला वॉचमन इतका गुंगला की बाहेर एक बाई काच ठोठावत होत्या ते त्याच्या गावीही नव्हतं. मालकांनी वॉचमनकडे बोट दाखवलं. "ह्यो द्या," ते म्हणाले. विक्रेत्याला क्षणभर वाटलं, वॉचमनच मागतायत.

परतताना टेम्पोत तो टीव्ही उभा धरून मालक बसले होते, कारण आडवा ठेवू नका असं विक्रेत्यानं बजावलं होतं. पिरंगुटच्या चढाला मी विचारलं, "मालक, दोघांच्या घराला एवढा मोठा कशाला?" त्यांनी खोकं सावरून त्याला गाल लावला. मग म्हणाले, "ल्हान टीव्ही घरात बसून बघायचा आसतुया. मोटा हाय म्हटल्यावं लोक येत्याल का न्हाई?" तेव्हा मला उलगडा झाला की यांना टीव्ही नकोच होता. यांना अंगण पाहिजे होतं. मला त्या टेम्पोत एकाएकी त्यांची फार माया आली, आणि काळजीही वाटली.

काळजी खरी ठरली. पहिल्या रविवारी ओट्याच्या भिंतीला टीव्ही लागला, सतरंज्या पडल्या, मालकीणबाईंनी घमेलंभर भजी तळली. वाडी आली. "लई मोटा हाय," म्हणाली, भजी खाल्ली, किंमत विचारली, आणि आपापल्या मालिकेची वेळ झाली तशी एकेक करून उठून गेली. म्हातारीसुद्धा गेली, कारण तिची सासू दुसऱ्या चॅनेलवर होती. मालक टीव्हीच्या बाजूला उभे होते ते उभेच राहिले. मी आणि बायको चिवटपणे बसून होतो, पण दोघांनी अंगण भरत नाही. त्यानंतर टीव्हीवर शाल पडली.

ती शाल निघाली लोडशेडिंगमुळे. आमच्या तालुक्यातल्या धरणाची वीज डोंगरापलीकडे मुंबईला उजेड करते आणि आमच्याकडे ऐन सातला काळोख होत असे. माझ्याकडे ऑफिसच्या कामासाठी एक इन्व्हर्टर होता. एका संध्याकाळी लाइट गेली तेव्हा मालकीणबाई दारात आल्या. शेजारी जाऊन त्या बघत त्या मालिकेत त्या दिवशी खून कुणी केला ते कळणार होतं. "पाव्हणं, तुमच्या त्या डब्यावं आमचा टीव्ही चालतुया का बघा की." मी वायर ओढली, डिशचा डबा जोडला, शाल काढली. सबंध वाडी अंधारात आणि फक्त आमचा ओटा उजळलेला. खून कुणी केला हे सगळ्यांनाच हवं होतं. आधी समोरची म्हातारी काठी टेकत आली, मग बॅटऱ्या चमकायला लागल्या, आणि बघता बघता अंगण भरलं. सुतार आपला कडेला जाऊन बसला. मालक उठले, टीव्हीच्या बाजूला लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि टीव्हीच्या माथ्यावर हात ठेवला. "मालक, आता हात काढला तरी चालतंय," सुतार म्हणाला. "ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. "आलं का?" "आलं, आलं," अंगण म्हणालं.

इन्व्हर्टरनं खुनी सापडायच्या आत मान टाकली. कुणी उठलं नाही. खून कुणी केला यावर अंधारात मोठी वादावादी झाली, आणि म्हातारीनं वकिलानंच केला असा निकाल दिला. पुढं हे रोजचंच झालं. लाइट गेली की उभ्या महाराष्ट्रात शिव्यांची लाखोली चालायची, आणि मालक आनंदानं सतरंज्या झटकायला घ्यायचे. लाइट वेळेवर गेली नाही तर बेचैन होऊन खांबाकडे बघायचे. वाडीनं लोडशेडिंगविरुद्ध अर्ज केला तेव्हा त्यांनी सगळ्यात शेवटी अंगठा दिला आणि वर म्हणाले, "येवडी काय घाई हाय?"

मग मी कोथरूडला फ्लॅट घेतला. निघताना इन्व्हर्टर तिथेच ठेवला. मालक म्हणाले, "पातेलं न्या पाव्हणं, आठवन म्हनून." ते अजून आमच्याकडे आहे.

मध्ये बराच काळ गेला. मागच्या दिवाळीत आम्ही दोघं कासार आंबोलीला गेलो. घर तेच, छप्पर तेच, ओट्यावर शाल घातलेला टीव्ही. समोरच्या म्हातारीच्या घराला कुलूप होतं. मालक वाकले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, दिवेलागण झाली आणि वाडीभर दिवे लागले. मालक खांबाकडे बघत म्हणाले, "आता लाइट जातच न्हाई वो." कुणी गेल्याचं सांगावं तसं ते सांगितलं.

मी उठून अंगणात सतरंजी अंथरली. बायको येऊन बसली, मालकीणबाईही गुडघे धरत बसल्या. मी मात्र जरा कडेला, सुताराच्या जागी बसलो. मालकांनी बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. मग हळूहळू चालत जाऊन शाल काढली, टीव्ही लावला, बाजूला उभे राहिले आणि माथ्यावर हात ठेवला.

"आलं का?"

"आलं, आलं," आम्ही तिघं म्हणालो, जमेल तेवढ्या मोठ्यानं. पडद्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, कारण तो सबंध वेळ मी मालकांकडेच बघत होतो.