पहिल्या नंबरचा कॅमेरा

माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बोलणं फोनच्या कॅमेऱ्यावरून बंद झालं. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "खरं कारण काय? जमीन?" जमीन नाही. आमची उतारावरची, खडकाळ, वरकस जमीन भांडण्याच्या लायकीचीच नाही. कारण कॅमेराच.

आम्ही मोखाड्याचे. पोशेऱ्याच्या पुढे डोंगरउतारावर आमचं घर आहे. मी जव्हारला आश्रमशाळेत शिकले, पुढे डी.एड. केलं आणि आता तालुक्यातल्याच एका शाळेत शिकवते. दादा दहावीनंतर भिवंडीला गेला. गोदामात माल उचलायला लागला, तिथंच टिकला आणि सुपरवायझर झाला. वडील गेल्यापासून आई गावच्या घरी माझ्याजवळ राहते. दादा आणि वहिनी दिवाळीला, होळीला आणि लग्नकार्याला येतात. दादा आला की आम्हाला शहाणं करून जातो. गॅस कुठला घ्यावा, पंखा कुठला घ्यावा, आईनं गुडघ्याला काय लावावं, सगळं त्याला माहीत असतं, कारण त्यानं ते फोनमध्ये बघितलेलं असतं.

गेल्या वर्षी दिवाळीला तो नवा फोन घेऊन आला. पाय धुवायच्या आधी त्यानं तो खिशातून काढला.

"कॅमेऱ्यात एक नंबर आहे," म्हणाला. "म्हणजे मी म्हणतो म्हणून नाही. नेटवरच्या यादीत एक नंबर. मशीन लावून तपासतात ते लोक."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला अंगणात भाताच्या कणगीजवळ बसवलं आणि तिचा फोटो काढला. वहिनी म्हणाली, "अगं बाई, काय सुंदर!" शेजारच्या बायका जमल्या. फोन हातोहात फिरत माझ्याकडे आला.

फोटोत एक गोरीशी, गुळगुळीत गालांची बाई बसली होती. लुगडं आईचं होतं, कणगी आमची होती. आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. कपाळावरचं फोटोत पुसट दिसत होतं, पाटीवरचं अर्धवट पुसलेलं अक्षर दिसावं तसं. हनुवटीवरचे ठिपके तर नव्हतेच. डाग समजून फोननं ते साफ करून टाकले होते.

"ही आई नाही," मी म्हणाले.

दादाला वाटलं मी थट्टा करते. मी माझा फोन आणला. जुना होता, काचेला तडा गेलेला, कुठल्याच यादीत नसलेला. त्याच जागी, त्याच उन्हात मी आईचा फोटो काढला. त्यात आई काळीसावळी होती, डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या आणि हनुवटीवर ठिपके होते.

"हा फोटो आहे?" दादा हसला. "हे तर आधार कार्ड झालं."

"तुझ्या फोनमध्ये ते गोरं करायचं असतं ना, ते बंद कर आणि परत काढ."

त्यानं बंद केलं आणि परत काढला. ठिपके थोडे दिसायला लागले, पण रंग पुन्हा उजळच आला. आम्हाला जन्मापासून ओळखणाऱ्या सूर्यानं जो रंग दिला, तो त्या पहिल्या नंबरला मान्य नव्हता.

"बघ," मी म्हणाले. "बंद करूनही खोटंच बोलतो."

"तेरेको क्या मालूम?" दादा हिंदीत गेला. चिडला की तो हिंदीत जातो, गोदामातली सवय. "जगभरातले एक्स्पर्ट एकीकडे आणि मोखाड्याची मास्तरीण एकीकडे!"

मला तो 'मास्तरीण' शब्द बोचला. तो भिवंडीला परत गेल्यावर मी मोबाइलवर त्या याद्या वाचायला बसले. एका यादीत त्याचा फोन पहिला होता. दुसरीत तो वरच्या रांगेतही नव्हता. तिसरीत पहिला भलताच कुठला तरी होता आणि त्या यादीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इथून कुणी फोन विकत घेतला तर आम्हाला त्यातला वाटा मिळतो. मी त्या ओळीचा फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'दादाचे एक्स्पर्ट.'

दादानं एका व्हिडिओची लिंक टाकली. मी लिहिलं, 'याला फोन फुकट मिळालाय, तो स्वतःच सुरुवातीला सांगतो.' त्यानं लिहिलं, 'तुझा पगार सरकार देतं, मग तू सरकारचंच बोलतेस का?' उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी लिहिलं, 'त्या मशीननं आईसारख्या बाईचा चेहरा कधी तपासलाय का, ते विचार तुझ्या लोकांना.' वहिनीनं हात जोडल्याची चित्रं टाकली. मग दादा ग्रुप सोडून गेला. वहिनीनं त्याला परत आणलं, तो परत गेला.

थंडीत मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. तिथं हा प्रश्न मिटवायचा असं मी ठरवलं. जव्हारच्या बाजारात एक जुना फोटो स्टुडिओ आहे. आमच्या शाळेचे वर्गाचे फोटो तिथूनच छापून यायचे. मी एसटीनं जाऊन आईचे दोन्ही फोटो, दादानं दिवाळीलाच ग्रुपवर टाकलेला आणि माझा, सारख्याच आकारात छापायला दिले. काउंटरवरच्या चाचांनी स्क्रीनवर दोन्ही शेजारी शेजारी बघितले.

"एकच बाई आहे?" त्यांनी विचारलं.

"एकच. कुठला चांगला आहे ते सांगा."

"मॅडम, मी छापतो. चांगला-वाईट तुम्ही घरी ठरवा. हे भांडण घरचं दिसतंय, माझ्या दुकानात नको."

लग्नात हळद झाल्यावर बायका मांडवात बसल्या होत्या. मी दोन्ही प्रिंट पुढे ठेवल्या. कुठल्या फोनचा कुठला, ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आईचा घरात लावायचा तर कुठला लावू?" दादा खांबाला टेकून उभा होता. त्याला माझा बेत कळला होता.

मावशीनं दादाचा फोटो उचलला. मामीनं दादाचा. वहिनीच्या आईनं दादाचा. एक म्हातारी माझ्या फोटोकडे बघून म्हणाली, "ही आजारी होती का तेव्हा?" दादा इतक्या जोरात हसला की वाजंत्रीवाल्यांनी वळून बघितलं.

मी आईकडे वळले. माझा सगळा भरवसा तिच्यावर होता. लहानपणी तिनंच मला सांगितलं होतं की मेल्यावर दागिने इथं राहतात, कपडे इथं राहतात, फक्त गोंदण बरोबर येतं.

"आई, तू सांग. यात तुझं गोंदण कुठंय?"

आईनं दोन्ही फोटो हातात घेतले. लांब धरले, जवळ धरले आणि दादाचा मांडीवर ठेवला.

"ह्यो लाव."

"पण गोंदण—"

"नाय तर नाय," आई म्हणाली. आमच्या घरातली बोली वेगळी आहे. इथं मी ती शाळेच्या मराठीत आणून लिहिते आहे, थोडी तिच्या चालीवर ठेवून. "मी इवलीशी होते. आजीनं धरून बसवलं. तोंडावर सुया टोचल्या. इतकं सुजलं की पेज गिळवेना. मला कुणी इचारलं व्हतं का, तुला पायजे का म्हणून?"

"मग मला कशाला सांगायचीस, बरोबर येतं म्हणून?"

"मला तसंच सांगितलेलं. मी पुढं सांगितलं."

बायका हसल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण लग्न होतं, वाढायला माणसं कमी होती. मी पंगतीत भात वाढला. दादाच्या पानासमोर आले तेव्हा तो म्हणाला, "यादी बरोबर होती ना, मॅडम?" मी त्याला भात न वाढता पुढे गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, याला राहिला!" मी वळले नाही.

दादाचा फोटो चौकटीत बसवून आईनं घरात लावला. मी रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होते. मला आईचाही राग येत होता. तिच्यावर कधीतरी जबरदस्ती झाली होती हे मला समजत होतं, पण ज्या फोनला तिचा चेहरा डाग वाटला, त्याला तिनं पहिलं बक्षीस दिलं होतं. हा राग कुणाला सांगायचा ते कळत नव्हतं.

होळीच्या आधी माझा फोन बंद पडला. शाळेच्या कामाला फोन लागतोच. मी एका शिक्षिकेचा फोन घेऊन विक्रीच्या साइटवर शोधायला लागले. मनात आलं, दादाच्या फोनबद्दल घेणारे लोक काय म्हणतात ते तरी बघू. लोकांनी आपापले फोटो टाकले होते, कुणी फुलाचा, कुणी कुत्र्याचा, कुणी बिर्याणीचा. मी बोटानं सरकवत गेले आणि एकदम आई आली. कणगीजवळ बसलेली, गोरी, गुळगुळीत.

खाली लिहिलं होतं, 'वर्षभर वापरतोय. कॅमेरा जबरदस्त. माझ्या म्हाताऱ्या आईचा फोटो बघा, स्किन एकदम क्लीन येते. डोळे झाकून घ्या.' पाचही तारे दिले होते. कितीतरी लोकांनी 'उपयोगी पडलं' म्हणून दाबलं होतं. कुणीतरी खाली विचारलं होतं, 'खेड्यातल्या काळ्या चेहऱ्यालाही इतकं साफ करतो का?' आणि दादानं उत्तर दिलं होतं, 'हो भाई.'

त्या शिक्षिकेनं विचारलं, "काय झालं? घाम आलाय तुम्हाला."

होळीला दादा आणि वहिनी आले. मी त्यांचा चहासुद्धा होऊ दिला नाही. नवा फोन मी जव्हारहून आणला होता. दुकानात प्रत्येक फोन दारात उन्हात नेऊन स्वतःच्या हाताचा फोटो काढून बघितला होता, आणि दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला होता, "मॅडम, घ्यायचाय की प्रदर्शन बघायचंय?" त्या फोनवर मी ते पान उघडून दादासमोर धरलं.

"हे तू लिहिलंस?"

"मग? खोटं काय आहे त्यात?"

"वर्षभर वापरतोय? दिवाळीला तर घेतलास!"

"सगळे तसंच लिहितात. चार दिवस वापरला लिहिलं तर कोण वाचतं?"

"म्हणजे ज्या यादीचा तू मला धाक घालत होतास, ती तुझ्यासारख्यांनी बनवलीय. तूच एक्स्पर्ट, तूच गिऱ्हाईक!"

वहिनी मध्ये पडली. "ताई, एवढं काय त्यात? कौतुकच केलंय ना आईंचं."

"कौतुक? 'काळ्या चेहऱ्यालाही' म्हणतो तो माणूस, आणि हा त्याला 'हो भाई' म्हणतो!"

दादा उभा राहिला. त्याचा आवाज चढला, पण या वेळी तो हिंदीत गेला नाही. "गोदामात मी दिवसभर दुसऱ्यांचा माल हलवतो. फोन, मिक्सर, बूट. त्यातलं काय चांगलं, काय वाईट, मला कुणी विचारलंय? कधीच नाही. तिथं विचारलं, मी लिहिलं. माणसं वाचतात. धन्यवाद म्हणतात. तू कधी म्हणालीस?"

"खोट्याला धन्यवाद?"

आई चुलीपाशी होती. ती उठून आली आणि म्हणाली, "काय हाय ते? दाव मला."

मी दाखवलं. आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, तो प्रश्न आणि 'हो भाई'सुद्धा. दादा म्हणाला, "तिला कशाला सांगतेस?" मी वाचतच राहिले.

"हे कोन कोन बघतं?" आईनं विचारलं.

"ज्याला फोन घ्यायचा तो कुणीही," मी म्हणाले.

आई दादाकडे वळली. "भितीवर लाव म्हटलं मी. बाजारात मांड म्हटलं का?"

"आई, त्यात काय—"

"काढ."

"काढतो नंतर."

"माझ्यासमोर काढ. मग च्या पी."

दादानं फोन काढला. बराच वेळ बोट फिरवत राहिला, घामाघूम झाला. शेवटी फोटो गेला. मी म्हणाले, "ते 'वर्षभर' पण काढ." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "फोटो आईचा होता, तिनं सांगितलं, काढला. लिहिणं माझं आहे. तू कोण?"

आई चहाचं आधण ठेवायला चुलीकडे वळली. तिला तिचं हवं ते मिळालं होतं. मी म्हणाले, "या घरात परत कॅमेरा काढायचा नाही." दादा म्हणाला, "घर तुझं एकटीचं नाही." वहिनी रडायला लागली. संध्याकाळी होळी पेटली तेव्हा दादा एका बाजूला उभा होता आणि मी दुसऱ्या. दोघांनीही नारळ वेगवेगळा टाकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते निघून गेले.

त्याचं ते लिहिणं अजून तिथं आहे. मी अधूनमधून बघते. 'उपयोगी पडलं' म्हणणारे वाढतच आहेत. मी त्या साइटकडे तक्रार केली की हे खोटं आहे, माझ्या भावानं लिहिलंय. उत्तर आलं की तपासून बघितलं, नियमांत बसतं.

यंदा दिवाळीला दोघं आले. दादाकडे नवा फोन होता, पण त्यानं तो कितव्या नंबरचा ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही दोघं जेवायला आईच्या दोन्ही बाजूंना बसलो.

"आई, याला विचार, भाकर हवी का," मी म्हणाले.

"आई, तिला सांग, नको. आणि कालवण खारट झालंय म्हणावं."

"आई, याला सांग, मग भिवंडीला खा."

आईनं हातातला घास ताटात ठेवला. "मी काय टावर हाय का तुमचा?" ती म्हणाली. "हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं."

वहिनीला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. दादा हसला नाही. मीही हसले नाही. त्यानं स्वतःच हात लांबवून भाकरी घेतली आणि आम्ही खाली बघून जेवत राहिलो.