वन्संच्या काळ्या काचा

आमच्या वन्सं भर पावसातसुद्धा काच खाली करून, मान बाहेर काढून गाडी वळवायच्या. अंधार पडला की हे ठरलेलं. उजवा खांदा भिजायचा, केस कपाळाला चिकटायचे, आणि वर म्हणणार, "फिल्ममुळं दिसत नाही गं, वहिनी."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उरणच्या शाळेत गणित शिकवायच्या, राहायला नवीन पनवेलला, आमच्याच मजल्यावर. यजमान लवकर गेले, तेव्हा हट्टानं गाडी शिकल्या. "मला कुणी सोडायला-आणायला नको," हे त्यांचं वाक्य भाजीवालीलाही पाठ होतं. पुढे ऊन सोसेना म्हणून पुढच्या काचेसकट सगळ्या काचांना काळीकुट्ट फिल्म लावली. मी खूश! रात्रीसुद्धा गॉगल लावून शेजारी ऐटीत बसायची. काळ्या काचेआड आपण कुणाला दिसतच नाही, हे पन्नाशीतल्या या नटीला कळायला महिना लागला.

"काढ तो गॉगल," वन्सं म्हणाल्या. "दोघींपैकी एकीला तरी दिसू दे."

एकदा तळोज्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या सायकलवाल्याच्या हाताला आरसा घासला. "ओ बाय, दिसत नाय काय?" तो ओरडला. वन्सं कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसल्या. "उद्या फिल्म काढते," म्हणाल्या. काढली नाही. आठवण करून दिली की चिडायच्या.

मग पोलीसच काळ्या काचांमागे लागले. चौकात हवालदारानं फिल्म टराटरा ओढली, तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. बावळट! वन्संचा चेहरा पडला, तो मला दंडामुळं वाटला.

त्याच संध्याकाळी बाजारातून निघालो. काचा लख्ख. वन्संनी मध्येच, भर रस्त्यात गाडी थांबवली. मागून हॉर्नवर हॉर्न.

"वहिनी, लाइट गेलेत का गं?"

रस्त्यावरचे सगळे दिवे लागलेले होते.

मी तसं म्हणताच वन्संनी किल्ली काढून माझ्या ओच्यात टाकली. मला कुठली गाडी यायला! न्यायला माझा मुलगा आला.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले डॉक्टर. त्यांची लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली.

शेवटच्या आल्या तेव्हा भर दुपारी आमच्या गाडीत माझ्याशेजारी बसल्या होत्या. काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "फिल्म लावलीत?"

काच स्वच्छ होती. बाहेर ऊन रणरणत होतं.

"हो, वन्सं. काळीकुट्ट."

"तरीच," म्हणाल्या, आणि निवांत मागे टेकल्या.