दाराबाहेरचे बूट

मी कोर्टात बेलीफ आहे. म्हणजे कोर्टाचे कागद ज्याच्या नावाचे त्याच्या हातात नेऊन द्यायचे, सही घ्यायची आणि काय घडलं ते लिहून आणायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. मला बघून लोक दारं लावतात, एकानं तर वरून बादलीभर पाणी ओतलं होतं. त्याचं मला काही वाटत नाही. पण चष्मेवालीच्या केसमध्ये मी दोन ओळी लिहिल्या, त्या अजून घशात अडकल्यात.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई. चाळिशीच्या आतबाहेरची, बोटांच्या टोकांना बारीक चिरा पडलेल्या. नवरा आठ वर्षांपूर्वी "जरा जाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. घरात उरल्या ती, सासू आणि दोन वर्षांची मुलगी. मुलगी आता दहाची. तिला हळूहळू ऐकू येईनासं होतंय. अशा मुलांच्या निवासी शाळेत तिला जागा मिळाली, पण फॉर्मवर आईबाप दोघांची सही हवी, नाहीतर मुलीचा ताबा एकट्या आईकडे असल्याचा कोर्टाचा हुकूम हवा. शाळा वर्षअखेरपर्यंत थांबायला तयार होती. बाईनं घटस्फोटाचा आणि ताब्याचा अर्ज चांगला आठ महिने आधी टाकला होता. कोर्ट म्हणालं, नवऱ्याला समन्स द्या, त्याचंही ऐकू.

द्यायचं कुठे? त्याचा पत्ता एकच माहीत होता, तिच्याच घराचा.

गेलो. तिसरा मजला. दारावर नवऱ्याच्या नावाची पाटी, घासून लख्ख. खाली पुरुषी बूट, पॉलिश केलेले. बाई कामावर गेली होती, दार सासूबाईंनी उघडलं. मी त्याचं नाव घेऊन विचारलं, आहेत का.

"बाहेर गेलाय. येईल संध्याकाळी."

मी लिहिलं, 'प्रतिवादी येथेच राहतो. बाहेर गेला आहे, संध्याकाळी येतो, असे त्याच्या आईने सांगितले.' माझं अक्षर चांगलं आहे, साहेब लोक नावाजतात.

तारखेला जज्जसाहेबांनी माझा कागद वाचला आणि चष्म्यावरून बाईकडे बघितलं. "तुम्ही म्हणता नवरा बेपत्ता आहे. आणि हा संध्याकाळी घरी येतोय." 

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "काका, असं का हो लिहिलंत?"

मी खवळलो. "मग काय लिहू, पाढे? तुमच्या सासूनंच सांगितलं मला."

ती बाकावर बसली आणि मग एकेक सांगत गेली. सुरुवातीला वाटलं येईल चार दिवसांत, लोकांना कशाला कळू द्या. मग महिने गेले आणि भीती वाटायला लागली, घरात दोन बायका आणि एक पोर. म्हणून फिरतीची नोकरी आहे, येण्याजाण्याची वेळ ठरलेली नसते, असं सांगितलं. त्याचे बूट दाराबाहेर ठेवले, दर रविवारी पॉलिश करून. आठवड्यातून एकदा त्याचा धुतलेला शर्ट परत धुऊन दोरीवर टाकला. आणि रोज सकाळी घराबाहेर पडताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं आत बघून म्हणायचं, "अहो, दार लावून घ्या." आतून सासू कडी लावणार. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"कोर्टाचा माणूस येईल, खरं सांगा, असं आईंना बजावून ठेवलं होतं हो," ती म्हणाली. "पण दारात कुणी ह्यांचं नाव काढलं की आईंच्या तोंडून तेच निघतं."

मला त्या म्हातारीचा राग आला, या बाईचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. सव्वीस वर्षं लोकांची दारं बघतोय, आणि त्या बुटांच्या टाचा जराही झिजलेल्या नाहीत हे दिसू नये मला?

एकदा कागदावर गेलेलं पुसता येत नाही. पुढच्या तारखा अशाच गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी नंबरच लागला नाही. शेवटी साहेब म्हणाले, नवरा तिथे राहत नाही असं शेजाऱ्याच्या सहीनं लिहून आणा, मग पेपरात नोटीस छापून पुढे जाऊ. वर्ष संपायला दोन महिने होते.

समोरच्या दारात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. मी आदल्या दिवशी त्यांना सगळं समजावलं. ते हळहळले, सही करतो म्हणाले. सकाळी मी जबाब लिहून घेऊन गेलो. मास्तरांनी कागद दोनदा वाचला, पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. चष्मेवाली डबा घेऊन घाईनं बाहेर पडली आणि वळून आत म्हणाली, "अहो, दार लावून घ्या."

आतून कडी लागली.

मास्तरांनी टोपण परत बसवलं.

"मास्तर, सवय आहे हो ती," बाई म्हणाली. "आत या, सगळं घर बघा. कुणी नाही."

"आज नाही म्हणजे आठ वर्षं नाही, असं मी कसं लिहू, बाई?"

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. या खेपेला त्या खरं बोलल्या. "आठ वर्षं झाली हो. गेला तो आलाच नाही."

"तुम्हीच परवा म्हणालात, त्याला खोकला झालाय," मास्तर म्हणाले. "माझ्याकडून ज्येष्ठमध घेऊन गेलात. आजी, मी जन्मात खोटी सही केली नाही." माणूस वाईट नाही. तेच तर डोकं फिरवतं.

मी हात जोडले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. मी लिहिलं, 'शेजाऱ्याने सहीस नकार दिला.' पुढची तारीख नव्या वर्षातली पडली. शाळेनं जागा दुसऱ्या मुलीला दिली.

पण ते नंतर. त्या सकाळी मास्तर आत गेले, बाई कामावर गेली. जिना उतरताना एकदाही वर बघितलं नाही तिनं. मी आणि सासूबाई उरलो.

"आजी, ते बूट आधी फेकून द्या," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, बूट उचलले आणि आत नेले. मला बरं वाटलं. मी दोन पायऱ्या उतरलो असेन, तोच त्या परत बाहेर आल्या. बुटांवरची धूळ त्यांनी फडक्यानं पुसली होती. होते तिथेच ठेवले.

"रात्री आम्ही बायकाच असतो ना," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.