खालून वितळणारी लादी

बाबांनी माझी बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात नवीन काय आहे?"

बातमी अंटार्क्टिकाची होती. मी एका वर्तमानपत्राचं विज्ञानाचं पान बघते. अंटार्क्टिकातला जमिनीवरचा बर्फ उतारावरून समुद्राकडे सरकतो. त्याचं पुढचं टोक जिभेसारखं पाण्यावर पसरतं आणि मागच्या बर्फाला अडवून धरतं. खोल समुद्रातलं त्यामानाने उबदार पाणी या जिभेखाली शिरतं आणि तिला खालून खातं, वरची हवा कितीही थंड असली तरी. एवढं समजून लिहायला मला चार दिवस लागले होते.

बाबा तीस वर्षं मरोळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते.

"लादी थारोळ्यात ठेवायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "वर एसी लाव नाहीतर पंखा लाव, खालून पाणी लागलं की वाट लागली. तुझ्या शास्त्रज्ञांनी मला विचारायचं ना!"

"मग तुम्हीच सांगा लोकांना."

मी हे सहज म्हणाले. आईने ते सहज घेतलं नाही. मुलुंडच्या आमच्या बुद्धविहारात जयंतीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी कार्यक्रम असतात. तिने परस्पर बाबांचं नाव देऊन टाकलं. वीस मिनिटं, ऑर्केस्ट्राच्या आधी.

बाबा घरात भरपूर बोलतात, चार लोकांत अजिबात नाही. कारखान्याच्या निरोप समारंभात ते भाषणाला उभे राहिले, "मित्रहो" म्हणाले आणि खाली बसले. पुढे महिनाभर त्यांनी जुन्या सोबत्यांचे फोन घेतले नाहीत. या वेळीही तसंच झालं तर आयुष्यात पुन्हा उभा राहणार नाही, असं त्यांनी आईला बजावलं. आई म्हणाली, "आधी एकदा नीट उभे तर राहा."

तयारी मात्र त्यांनी झकास केली. माशांची रिकामी काचेची टाकी आणली. तिच्यात कडाप्प्याचा तुकडा तिरका टेकवला. ही जमीन. तळाशी एक वीट, ती समुद्राचा तळ. कडाप्प्यावर बर्फाचा दोन हातांनी उचलावा लागेल एवढा तुकडा ठेवायचा, त्याचं टोक पाण्यात विटेला टेकवायचं आणि पाण्याच्या पातळीवर लाल चिकटपट्टी लावायची. पाणी टोक खाणार, बर्फ घसरणार, पातळी पट्टीच्या वर जाणार. मी अंदाज दिला होता, दहा मिनिटं.

सभागृह भरलं होतं. बर्फ काचेसारखा स्वच्छ होता. बाबांनी तो टाकीत बसवला, पट्टी लावली, माईकसमोर आले आणि म्हणाले, "आता बघा."

सगळे बघू लागले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बर्फ जागचा हलला नाही. बाबांकडे "आता बघा"च्या पुढचं वाक्य नव्हतं.

"काका, अंटार्क्टिका चालू आहे की बंद?" मागून कोणीतरी विचारलं. हशा झाला. ऑर्केस्ट्राच्या ढोलकीवाल्याने हळूच एक थाप दिली. आणखी हशा. सूत्रसंचालन करणारे शेजारचे काका घड्याळ बघत पुढे सरकले. बाबांची मान खाली गेली होती.

मी टाकीत बोट घातलं. पाणी बर्फासारखं गार होतं.

"बाबा, पाण्यात काय घातलंत?"

"बर्फ. सकाळपासून तीन वेळा." ते कुजबुजले. "नाहीतर तुकडा टिकला असता का गं?"

तीस वर्षं बर्फ वितळू न देणं हेच त्यांचं काम होतं. त्या संध्याकाळीही ते त्यांनी चोख केलं होतं.

पहिल्या रांगेतल्या एका मावशींनी चहाचं गरम पाणी ओतायला सांगितलं.

"ओतायचं नाही!" बाबा गरजले. माईक चालू होता. "ओतलेल्या पाण्यानेच पातळी वर जाईल. ती फसवणूक झाली."

एवढं लांब वाक्य ते माईकवर पहिल्यांदाच बोलले होते. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा माईककडे वळून पाहिलं.

मावशी उठल्या. कंबरेमागून शेकायची रबरी पिशवी काढून त्यांनी ती पुढे केली. "हिचं तोंड बंद आहे. ही चालेल? कंबर माझी दुखेल, पण विज्ञान व्हायला पाहिजे."

चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी पिशवीत भरलं. बाबांनी ती बर्फाच्या टोकाखाली, विटेच्या बाजूला दाबून बसवली. पिशवीमुळे पातळी चढली तेवढी लाल पट्टी वर सरकवली आणि ती सरकवल्याचं सभागृहाला जाहीर केलं.

आता लोक खुर्च्यांवरून उठून टाकीभोवती आले. वरून तुकडा कोरडा, कडक, तसाच. खालून टोक बारीक होत चाललं होतं. "गेलं, गेलं!" "थांब रे, अजून आहे!" दोन गट पडले. आई "घसरणार" म्हणणाऱ्यांच्या गटात होती. काका घड्याळ विसरले.

टोक तुटल्याचा आवाज आला नाही. अख्खा तुकडा कडाप्प्यावरून सुटला आणि पाण्यात आदळला. पाणी पट्टीवरून, काठावरून, टेबलावरून थेट बाबांच्या विजारीवर आलं. मावशींची चप्पल वाहत स्टेजच्या कडेपर्यंत गेली. ढोलकीवाल्याने या वेळी चांगली दणदणीत थाप दिली.

टाळ्या, किंचाळ्या, शिट्ट्या. आई खुर्चीवर उभी होती. तिला खुर्चीवर उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बर्फ अजून वितळलेला नाही!" बाबा ओलेत्यानेच ओरडत होते. "नीट बघा! वितळायच्या आधीच पाणी चढलं! जमिनीवरून समुद्रात आला, बस्स, एवढ्यानेच!"

"मग आपलं मुलुंड बुडणार का हो?" मागून त्याच माणसाने विचारलं. आता त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता.

"उद्या नाही. पण खाडी इथून लांब नाही."

"आणि तिथे बर्फ आहे तरी किती?"

काकांनी ऑर्केस्ट्राकडे पाहिलं. ऑर्केस्ट्रावाले पाय वर घेऊन बसले होते आणि बाबांकडेच बघत होते. बाबांनी एक कोरडी खुर्ची स्वतःकडे ओढली.

"बसा," ते म्हणाले. "सांगतो."