पत्ता जुन्या गावाचा

अन्याय झाला एका अकरावीतल्या मुलीवर. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. बटण दाबणारा मी होतो. कंपनीवर पुढं येणारच आहे, पण आधी माझं सांगतो, कारण दुसऱ्याचंच माप काढणारी पत्रकं मी पुष्कळ लिहिली आहेत.

मी मूळचा कंधारकडचा. लातूरला आलो तो डॉक्टर व्हायला. दोन वर्षं क्लास केला, दोनदा परीक्षा दिली, दोनदा नंबर लागला नाही. घरी तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून पार्सल वाटायला लागलो. वाटणाऱ्या पोरांची एक छोटी संघटना होती. तिची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं आलं. झेरॉक्सवाल्याला माझं अक्षर पाठ झालं होतं.

आमच्या गोदामात सगळ्यांना रूट हवा असायचा क्लासेसच्या भागातला. तिथं एका हॉस्टेलच्या वॉचमनपुढं प्रश्नसंचांचे गठ्ठे, गाद्या, टेबललॅम्प असं सगळं एका दमात उतरवता येतं. गावाकडचा रूट म्हणजे एका डब्यासाठी अर्धा दिवस. आणि कंपनी पोहोचवल्याचा हिशेब नगावर धरते, अंतरावर नाही. त्यामुळं औशाच्या पलीकडं कुणाला पाठवायचं हा रोज सकाळचा तंटा. त्या दिवशी तंटाच झाला नाही. सगळी पोरं येळवशीला रानात गेली होती. लातूरचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे मोकळे. कंपनीचं कॅलेंडर कुठल्या तरी लांबच्या शहरात छापतात, त्यात येळवस नसते. आमच्या कंधारकडं हिचं एवढं प्रस्थ नाही, म्हणून मी हजर होतो.

सुपरवायझर म्हणाले, "घ्या लीडर. आज गरिबांची सेवा करा."

बॅगेत वरच एक पांढरा थर्माकोलचा डबा होता. त्यावर लाल अक्षरांत 'थंड ठेवा'. मी विचारलं, "यात काय आहे?"

"पोचवायचं काम तुझं हाय का उघडायचं? चल, निघ."

दीड वाजता मी डब्यावरच्या पत्त्यातल्या गावाच्या फाट्यावर होतो. मोबाईलवरचा बाण उजवीकडं वळ म्हणाला, वळलो. रस्ता अरुंद झाला, मग पायवाट झाली, मग बाभळी लागल्या. बाभळींत दगडांचे ढीग, एक अर्धी भिंत, एक उंबरा. माणूस नाही, कुत्रंही नाही. मोबाईल म्हणाला, आपण पत्त्यावर पोहोचला आहात.

मला कळायला थोडा वेळ लागला. हे जुनं गाव. भूकंपात पडलं ते. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. लोक इथून उठले, लांब मोकळ्या रानात नवं गाव बांधून मिळालं, एकसारखी घरं, सरळ रेघेतल्या गल्ल्या. माणसं गेली, पण नकाशावरची खूण इथंच राहिली. गावाचं नाव तेच, पिनकोड तोच. ॲपला एवढं पुरतं.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. डब्यावर हात ठेवला तर गार लागला, पण सकाळइतका नाही. आता नव्या गावात जाऊन घर शोधावं, हा विचार आला होता, खोटं बोलत नाही. पण गेल्याच आठवड्यात अशाच एका गावात मी खऱ्या घरापुढं उभा होतो आणि ॲप म्हणत होतं, आपण पत्त्यापासून दूर आहात. पार्सल दिल्याचं बटण खुणेजवळच उघडतं. दार समोर, माणूस समोर, आणि बटण मुकं. त्या दिवशी माझ्या नावावर एक चूक चढली होती. तीन चढल्या की ओळखपत्र बंद. माझ्या दोन झालेल्या होत्या. आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' हे बटण मात्र तिथं, त्या दगडांत, हिरवंगार उघडलेलं होतं.

मी ते दाबलं. भूकंपात गेलेल्या माणसांच्या दारात उभं राहून लिहून दिलं, की ग्राहक घरी नाही.

परत फाट्यावर आलो तोवर फोन वाजला. एक बाप्या धापा टाकत बोलत होता. "पार्सलवाले भाऊ का? रेंजसाठी टेकाडावर आलो बगा. कुठं हाव तुमी?"

"मी येऊन गेलो. घरी कुणी नव्हतं."

"आज कोण राहील घरी? येळवस हाय की! समदं गाव वावरात हाय. आवो, लेकराचं औषध हाय त्यात. सुईचं. लहानपणापासून साखर हाय पोरीला. कालच्याला संपलं, सकाळी खालचं खरवडून घेतलं तिनं. तालुक्याला तपास केला, मेडिकल बंद."

दोन वर्षं जीवशास्त्र घोकलं होतं. इन्सुलिन थांबलं तर शरीरात काय होतं हे मला चार गुणांच्या प्रश्नासारखं पाठ होतं. पायऱ्या एकामागून एक डोळ्यांपुढं यायला लागल्या: तहान, उलटी, श्वास.

सुपरवायझरला फोन लावला. ते म्हणाले, "सिस्टीममधी रिटर्न पडलंय. आता दिलंस तर चोरी लागंल तुज्यावर."

"मुलगी आजारी आहे, सर."

"मंग उद्या पुन्यांदा पाठवू. नियमानं."

"उद्यापर्यंत काय होईल?"

"मला डॉक्टर समजतोस का? तूच होणार होतास ना?"

फोन ठेवला. गाडी चालू होती, मी निघत नव्हतो. खरं सांगायचं तर मी मुलीचा विचार करत नव्हतो त्या वेळी. खोलीचं भाडं, तिसरी चूक, चोरीचा गुन्हा, घरी काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग डब्याला हात लावला. या वेळी गार लागलाच नाही, किंवा माझाच हात गार पडला होता. बाप्याला पुन्हा फोन लावून वावराची वाट विचारली आणि गाडी वळवली.

बाप्या रस्त्याला येऊन उभा होता. त्याच्यामागं तुरीतून पळालो. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ, त्या खोपटापाशी, माणसं जेवायला बसली होती, मिसळभाजीच्या भज्जीचा आणि ताकातल्या आंबिलीचा वास येत होता. ती मुलगी एकटी ताट न घेता बसलेली. ओठ कोरडे, शेजारी पाण्याची कळशी. सुई घेतल्याशिवाय जेवता येत नव्हतं तिला, आणि सणाच्या दिवशी सगळे तिच्यासमोर जेवत होते.

तिनं डबा स्वतः उघडला. आईला हात लावू दिला नाही. आतली बर्फाची पिशवी दाबून पाहिली, पेनासारखं दिसणारं ते इन्सुलिनचं इंजेक्शन उजेडात धरलं, कागद उलगडून बारीक अक्षरं वाचली.

"पिशवी अजून गार हाय. आतलं पाणी बी गढूळ झालं न्हाई," ती म्हणाली. "चालतंय."

मग माझ्याकडं बघून, "कुठं गेलते तुमी? जुन्या गावात?"

"मोबाईलनं तिकडं नेलं."

"तितं आमच्याकडलं कोणच जात न्हाई. तुमी लोकच जाताव. मागच्या महिन्यातला बी असाच परत गेला." पेन फिरवत म्हणाली, "त्या टायमाला दवाखान्यात होते मी तीन दिवस."

म्हणजे आधीही कुणीतरी त्या दगडांत उभं राहून तेच बटण दाबलं होतं. आमच्यापैकीच कुणीतरी.

तिच्या आईनं मला बळंच जेवायला बसवलं. मुलगी सुई घेऊन वाट पाहून मग जेवली, तेव्हा कुठं मी उठलो.

तिसरी चूक चढली आणि माझं ओळखपत्र दुसऱ्या दिवशी बंद झालं. चोरी लागली नाही, कारण बाप्यानं औशाहून फोन करून गोदामाला झाडलं. कंपनीला मी खूण बदला म्हणून लिहिलं. उत्तर आलं: तशी विनंती ग्राहकाकडून आली पाहिजे. ग्राहक भूकंपाआधीच्या गावात राहतो असं मानणाऱ्यांना ग्राहकाची चिठ्ठी हवी.

तर हे तुमच्यासाठी, जे पुण्याला, हैदराबादला बसून गावाकडच्या आईबापासाठी औषध मागवता. तुमचं घर पुनर्वसनातलं असेल तर आजच घरी फोन करा. कुणाला तरी दारात उभं करून तिथलं लोकेशन मागवा आणि तुमच्या खात्यातल्या पत्त्याची खूण तिथं हलवा. कंपनीला लेखी तक्रार करा, की आमचं गाव हललं आहे. ग्रामपंचायतीला सही करायला लावा, तीच तक्रार सगळ्या गावाच्या नावानं जाऊ द्या. हे वाचून झाल्यावर ठेवून देऊ नका. फोन हातात आहे तोवर लावा.