खुर्चीच्या कडेवर

ऑपरेशन थिएटरबाहेर आम्ही सगळे खुर्च्यांना टेकून बसलो होतो. शेजारचे मोहनराव तेवढे खुर्चीच्या अगदी कडेवर, जॅकेटची चेन उघडी, टाचा उचललेल्या. आत त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या.

"अहो, टेका की जरा," मी म्हणालो.

"टेकलं की अंग थंड पडतं. थंड अंगानं कोर्टावर उतरलं की घोटा जातो," ते म्हणाले.

मोहनराव पूर्वी पगारी बास्केटबॉल खेळायचे. लहानशा लीग, लहानशी गावं, दर हंगामाला नवा संघ. खेळायचे म्हणजे बहुतेक बाकावर असायचे. कोच कधीतरी मान वळवेल, बोटानं खुणावेल, त्या क्षणासाठी अंग गरम ठेवायचं, हीच खरी नोकरी. केलेले गुण फळ्यावर लागतात, पण एखाद्याचं सबंध तारुण्य नुसतं तयार राहण्यात गेलं, तर ते कुठे लागतं? मला तर वाटायचं, गेलं ते वाया.

दार उघडलं. नर्सनं वहिनींचं नाव पुरतं उच्चारायच्या आत मोहनराव तिच्यापुढे उभे होते. जॅकेट खुर्चीवर पडलं होतं.

"अजून वेळ आहे काका, बसा."

ते परत आले. हे उत्तर त्यांच्या फार ओळखीचं असावं. वाकून त्यांनी बुटाची नाडी पुन्हा आवळली आणि कडेवर बसले.

थोड्या वेळानं पाहिलं, तर आमच्या रांगेत आता कुणीच टेकलेलं नव्हतं.